तांबड्या पेन्सिलीचा बाण

मास्तर,

तुम्ही तांबड्या पेन्सिलीने काढलेला तो बाण अजून माझ्या कपाटात आहे. पुठ्ठ्याचे कोपरे झुरळांनी खाल्ले, चिकटवलेली चित्रं पिवळी पडली, पण बाण तसाच ठसठशीत आहे. सातवी झाल्यावर मी शाळा सोडली, तेव्हा तुम्ही तो तक्ता माझ्या हातात दिला होता. कुठल्याशा परदेशी मासिकातली दीर्घिकांची चित्रं कापून तुम्ही ती ओळीने लावली होती. डावीकडे नुसता उजेडाचा गोळा, मग जरा चपटा, मग त्याला फुटलेले हात, आणि शेवटी उजवीकडे ते हात सुटून पसरलेला मोठा भोवरा. डाव्या टोकाला तुम्ही लिहिलं होतं ‘जन्म’, उजव्या टोकाला ‘म्हातारपण’, आणि मध्ये हा बाण. आभाळात आपल्या आकाशगंगेसारखे तारेच तारे घेऊन फिरणारे असे कोट्यवधी भोवरे आहेत, आणि ते गोल जन्मतात नि हात फुटत फुटत म्हातारे होतात, असं तुम्ही शिकवलंत. वर्गात मी उभी राहून विचारलं होतं, “मास्तर, हे बदलताना कुणी बघितलं?” पोरं हसली. तुम्ही नाही हसलात. तुम्ही डस्टर टेबलावर आपटलात आणि म्हणालात, “खाली बस. संशय हा किडा असतो गो. लाकूड वरून चांगलं दिसतं नि आतून भुसा झालेला असतो.” तुमच्यावरचा राग मी मनात ठेवला. वर्ष संपताना तोच तक्ता मला मिळाला, तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी हेच वाटलं, की हा माणूस मला हा का देतोय?

माझी ही खोड तुम्हाला ठाऊक होती. आता पंचाहत्तरी ओलांडली तरी ती गेलेली नाही. रोह्याच्या बाजारात मासळीवाली मला लांबून येताना बघते आणि आधीच बोंबलाच्या पाटीवरचं फडकं काढून ठेवते. म्हणते, “घ्या, बघा, हुंगा, उलटंपालटं करा. मगच भाव विचारा.” सुनेने चहात साखर घातली म्हटलं तरी मी आधी एक घोट घेऊन बघते. घरचे हसतात, मीही हसते. पण सगळाच संशय काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून लिहायला बसले आहे. हमरापूरच्या कारखान्यात त्या श्रावणात झालं ते तुम्हाला माझ्या तोंडून कधी ऐकायला मिळालं नाही.

शाळा सुटल्यावर मी आईबरोबर गणपतीच्या कारखान्यात जायला लागले. तुमची शाळा सकाळची, म्हणून हंगामात दुपारी तुम्हीही यायचात. पगारात भागत नव्हतं का हौस होती, ते मला माहीत नाही. रोह्याकडच्या खांबच्या बाजूचं तुमचं गाव, वाल पिकवणारी माणसं तुमची, मातीत हात घालायची लाज नव्हती. आत शिरल्यावर डाव्या हाताला साच्यातून काढलेल्या ओल्या मूर्ती, पुढे वाळायला ठेवलेल्या, मग कानशीनं नि पॉलिश पेपरनं घासलेल्या, मग सफेदी दिलेल्या, मग अंगाचा रंग, मग पितांबर, दागिने. आणि सगळ्यात शेवटी, खिडकीपाशी, जिथे उजेड चांगला, तिथे डोळ्यांची आखणी. आखणी दोघांचीच होती, एक तुमची आणि एक आईची. मी तीन हंगाम घासकामावर होते. संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमालावर शाडू यायची. आईकडे खारीच्या शेपटीच्या केसांचा एक कुंचला होता, बोरूच्या दांडीत बसवलेला. काम झालं की ती तो धुऊन, ओठांनी टोक काढून, बांबूच्या नळकांड्यात ठेवायची आणि नळकांडं कमरेला खोचायची. कुणाला हात लावू द्यायची नाही. मलासुद्धा नाही. “तुझा अजून घासायचा हात हाय,” म्हणायची.

आणि दाराच्या मागे तो ढीग होता. आठवतो ना? ओबडधोबड चिखल, त्यात कुठे सोंडेचा तुकडा, कुठे अर्धं बोट. नवा माणूस कारखाना बघायला आला की त्याला वाटायचं, इथून सुरुवात होते, या ढिगातून मूर्ती निघतात. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने विचारलंही होतं, “ही तुमची कच्ची माती का?” आणि आई हसून म्हणाली होती, “नाय हो शेठ, ते आमचे म्हातारे.” गेल्या सालच्या न खपलेल्या, मोडलेल्या मूर्ती भिजवून परत माती केलेला तो ढीग होता. एका नजरेत सगळा कारखाना दिसला तरी कोण आधी नि कोण नंतर, ते दिसत नाही. हे मला तेव्हा माहीत होतं, मास्तर. डोळ्यासमोर होतं. तरी मी चुकले.

त्या आठवड्यात पेणच्या एका घराने दोन मूर्ती परत पाठवल्या होत्या. डोळे तिरळे दिसतात म्हणाले. दोन्ही आईच्या हातच्या. आईने जेवताना भाकरी तशीच ठेवली. मला ते लागलं. आईच्या हातचे डोळे नि तिरळे? पंधरा वर्षांत कधी झालं नव्हतं. तेव्हापासून माझ्या मनात किडा वळवळायला लागला, की यात कुणाचा तरी हात आहे. मग ती दुपार. बाहेर पाऊस धरलेला, सगळे मागच्या पडवीत भाकरी सोडून बसलेले. मी पाण्याचा तांब्या न्यायला आत आले. आणि बघते तर तुम्ही खिडकीपाशी आईच्या जागेवर बसला आहात. समोर आईने सकाळी संपवलेली रांग. तुम्ही बारीक कुंचल्याने एकेका मूर्तीच्या डोळ्यांवर सफेदी फिरवत होतात. रांगेतल्या पहिल्या चार मूर्तींना तुम्ही स्वतःचे डोळे काढलेही होते, ते मी ओळखले, कारण डोळ्याच्या कोपऱ्याशी कुंचला उचलताना तुम्ही गळासारखा वळलेला एक बारीक आकडा ठेवायचात, तसा कुणी ठेवत नव्हतं. बाकीच्या मूर्ती पांढऱ्या, आंधळ्या, माझ्याकडे तोंड करून बसलेल्या. तुम्ही वर बघितलंत आणि दचकलात. तुमचं ते दचकणं मी पुरावा म्हणून धरलं.

मी तुम्हाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं, एवढी प्रश्न विचारणारी मी. मी सरळ कारखान्याच्या शेठकडे गेले आणि म्हणाले, “मास्तर आईच्या मूर्तींचे डोळे बुजवतात नि आपले काढतात. त्या दोन मूर्तीपण त्यांनीच बिघडवल्या असतील.” दुसरं वाक्य मी बघितलेलं नव्हतं. तेही मी बघितल्यासारखंच सांगितलं.

शेठ आले, मागोमाग पडवीतली सगळी माणसं. शेठ म्हणाले, “हे काम कुणाचं?”

तुम्ही म्हणालात, “बाईंचं.”

“मग तुम्ही का हात लावलात?”

तुम्ही हात फडक्याला पुसलेत. कुणीतरी मागून म्हणालं, “मास्तरांना येकट्यालाच मिरवायचं आसंल.” कुणी हसलं. शेठ परत म्हणाले, “पुसले का नाय तुम्ही? व्हय का नाय, तेवढं सांगा.”

“पुसले,” तुम्ही म्हणालात. “पुसले मी.”

मी आईकडे बघत होते. मला वाटलं, आता ती तुमच्यावर तुटून पडेल. तोंडाची तिखट बाई, तिच्या पाटावर कुणी बसलं तरी ऐकवायची. पण ती रंगात घालायच्या सरसाचं भांडं ढवळत राहिली. सरस थंड झालेला, त्याला ढवळून काही होत नाही, तरी ढवळत राहिली. तुम्ही छत्री घेतलीत. दारातून जाताना तुम्ही एकदा तिच्याकडे बघितलंत. तिने मान वर केली नाही. माझ्याकडे तुम्ही बघितलंच नाहीत. त्यावरून मला पुढे बरीच वर्षं वाटत आलं, की कुणी सांगितलं ते तुम्हाला कळलं नसावं. तुम्ही समजला असाल, आईनेच तक्रार केली.

घरी जाताना चिखल तुडवत मी आईला म्हणाले, “तू काय बोलली का नाय?” ती म्हणाली, “गप बस गो. झालं ते झालं.” आणि आठवड्याभराने तिने नळकांडं कमरेचं काढून माझ्या हातात दिलं. “घे. माझे डोळे दुखतात आताशा. तुझा हात बरा हाय.” म्हणजे आखणी माझ्याकडे आली. आई सफेदीच्या कामावर गेली. पुढच्या हंगामाच्या आधी तुमची बदली रोह्याकडे झाल्याचं कळलं. तुम्ही मागून घेतली का झाली, मी चौकशी केली नाही. आईचा हात त्यानंतर थरथरायला लागला. ताटातला भात तोंडाशी नेताना सांडायचा. मी सगळ्यांना सांगायचे, “त्या मास्तरने आईचा जीव खचवला, तेव्हापासून हात कापतो.” हा माझा बाण, मास्तर. आधी तुम्ही डोळे बिघडवले, मग तक्रार आली, मग अपमान झाला, मग हात गेला. डावीकडून उजवीकडे, ठसठशीत.

लग्न होऊन मी रोह्यातच आले, हे नशिबाचं काय म्हणावं. नवरा कंपनीत, तीन शिफ्ट. तो झोपलेला असेल तेव्हा घरात भांडं वाजवायचं नाही, म्हणून मी वाचनालय धरलं. तुमचा राग होता तरी तक्ता टाकला नव्हता, त्यामुळे हात आपोआप आकाशाच्या पुस्तकांकडे जायचा. शब्द अडले की दोनदा वाचायचे, नाही कळलं की पुस्तकावरच संशय घ्यायचे. एकदा बाजारात मी सुकट घेत होते आणि मागून हाक आली, “ओळखलंस का गो?” तुम्ही होतात, केस पांढरे, हातात कापडी पिशवी, पिशवीतून वालाच्या शेंगा डोकावतायत. मी सुकट निवडत राहिले.

“तो तक्ता आहे का अजून?” तुम्ही विचारलंत.

“असेल कुठेतरी.”

“त्यावरचा बाण खोड. चुकीचा आहे तो. गोळा हा जन्म नाही. उलट झालं, आता कळतंय. दोन भोवरे एकमेकांवर आदळून गोळा होतो म्हणतात. मी तुम्हा पोरांना उलटं शिकवलं.”

मी म्हणाले, “मी विचारलं होतं तुम्हाला, कुणी बघितलं म्हणून. तेव्हा खाली बसवलंत.”

“बसवलं,” तुम्ही म्हणालात. “तेही चुकलंच. जी पोरं भेटतात त्यांना सांगत फिरतोय. तू नववी.” आणि हसलात. मासळीवाली आपली टकामका बघतेय, की हा म्हातारा काय बडबडतो. मग तुम्ही विचारलंत, “आई कशी आहे?”

“आहे,” मी म्हणाले आणि पैसे देऊन चालू लागले. मनात म्हटलं, बघा, आभाळातली चूक सांगायला बाजारात अडवतो आणि कारखान्यातल्या डोळ्यांचं अवाक्षर नाही. बाण मी खोडला नाही. पुढे तुम्ही वारलात, तेही मला चार दिवसांनी कळलं. तेव्हाही मी म्हटलं, गेला तोंड न उघडता.

आता हे सगळं का उकरते, ते सांगते. दिवाळीनंतर आमच्या वाचनालयात दुपारच्या वेळी एक भाषण झालं. तुमच्याच खांबकडची एक मुलगी, कुठल्याशा मोठ्या दुर्बिणीने काढलेले फोटो अभ्यासते. बारीक अंगाची, नाकात चमकी. मी पुढच्या खुर्चीवर हात बांधून बसले. तिने भिंतीवर फोटो दाखवले. म्हणाली, लांबच्या दीर्घिकेचा उजेड आपल्यापर्यंत यायला कोट्यवधी वर्षं लागतात, म्हणून जितकं लांब बघावं तितकं जुनं दिसतं. फार लांबच्या, म्हणजे विश्व अगदी लहान असतानाच्या दीर्घिका लहान आहेत, वेड्यावाकड्या, गुठळ्या गुठळ्या. सुरुवातीला सगळीकडे वायू जवळजवळ सारखा पसरलेला, पण अगदी सारखा नाही. जिथे कणभर जास्त, तिथे ओढ जास्त, म्हणून तिथे आणखी येऊन मिळालं, आणि जिथे कमी, तिथलं निसटत गेलं. साठलेला वायू निवाला, आकसला, त्यात तारे पेटले. लहान दीर्घिका एकमेकींत मिळून मोठ्या झाल्या, फिरता फिरता चपट्या होऊन त्यांचे भोवरे झाले. आणि दोन मोठे भोवरे आदळले की हातबित सगळं विस्कटून एक मोठा गोळा होतो. त्यातला वायू संपतो, नवे तारे होईनासे होतात, जुनेच लालसर तारे मंद जळत राहतात. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी कधीतरी अशा भेटतील असा अंदाज आहे, पण आता त्यालाही लोक नक्की म्हणत नाहीत, असं ती म्हणाली. हे ‘नक्की नाही’ म्हणाली तेव्हा मी हात जरा सैल केले.

मग ती म्हणाली, या सगळ्याला धरून ठेवणारं पुष्कळसं द्रव्य दिसतच नाही. दिसत नाही, उजेड देत नाही, अडवत नाही, पण त्याच्या ओढीने तारे फिरतात. माझी भुवई वर. मागच्या बाई म्हणाल्या, “आजींना पटलेलं नाय.” सगळे हसले. पण खरं सांगते, मला ते अर्धं पटलं, कारण मोठ्या मूर्तीच्या पोटात आपण काथ्या घालायचो. घेणाऱ्याला तो कधी दिसत नाही. पण आशीर्वादाचा हात हवेत उभा राहतो तो काथ्यावर. अर्धं पटलं, अर्धं राहू दिलं.

शेवटी मी उभी राहिले आणि तोच प्रश्न विचारला. “बाई, एक दीर्घिका अशी बदलताना कुणी बघितली?”

“कुणीच नाही, आजी,” ती म्हणाली. “कुणी कधी बघणारही नाही. एका आयुष्यात ती पापणीसुद्धा हलवत नाही. आपल्याकडे नुसते फोटो आहेत, प्रत्येकीचा एकच. एकीचा लहानपणीचा, दुसरीचा मधल्या वयातला.”

“मग आधी काय नि नंतर काय, हे कशावरून?”

“चुकलोच होतो ना आपण,” ती म्हणाली. “काही लोकांना फार वर्षं वाटत होतं, गोळा आधी नि भोवरा नंतर. नुसत्या आकारावरून ओळ लावली की असं होतं. मग आत काय आहे ते बघितलं. गोळ्यातले तारे बघितले तर सगळे म्हातारे. म्हाताऱ्या ताऱ्यांचं बाळ कसं असेल? आकारावर विसंबायचं नाही आजी. आत बघायचं.”

मी खाली बसले. लोक पुढचे प्रश्न विचारत होते आणि मला दिसत होता दारामागचा तो ढीग आणि विचारणारं मुंबईचं गिऱ्हाईक. आणि त्याच्या मागोमाग, न बोलावता, खिडकीपाशी बसलेले तुम्ही, हातात कुंचला, समोर आंधळी रांग. माझ्याकडे त्या दुपारचा एकच फोटो होता, मास्तर. त्याच्या आधी काय नि नंतर काय, ते मी लावलं. परत आलेल्या दोन मूर्ती, तुमचा कुंचला, आईचा हात. समजा, ओळ उलटी लावली. आधी हात थरथरायला लागला. त्यामुळे डोळे तिरळे आले, दोन मूर्ती परत आल्या. त्यामुळे, सगळे जेवायला गेल्यावर, तुम्ही तिच्या रांगेवर सफेदी मारून डोळे परत काढायला बसलात, तिची जागा जाऊ नये म्हणून. तीच चित्रं, तेवढीच. बाण फक्त उलटा.

पण मी संशयी बाई. गोष्ट गोड लागली की मी दोनदा चाखते. तुम्ही मेलेले, बोलणार नाही, मग तुम्हाला देवमाणूस करून टाकणं फार सोपं. म्हणून त्या मुलीने सांगितलं तसं आत बघायचं ठरवलं. आत बघायला एक वस्तू होती माझ्याकडे. त्या रांगेतल्या पहिल्या चारांपैकी एकीचा अंगठा तुटलेला होता, विकली गेली नाही. शेठने ती आईला दिली, आणि आई गेल्यावर ती माझ्याकडे आली. वीतभर उंचीची. पुजलेली कधी नाही, नुसती फळीवर. एकदा मी आईला म्हणाले होते, “टाकून दे ही, त्या माणसाचे डोळे आहेत हिला.” ती म्हणाली, “राहू दे गो. तुला नाय बघत ती.” तुमच्या डोळ्यांखाली सफेदी, आणि सफेदीखाली आईचे डोळे. खालची रेघ स्वच्छ निघाली, तर तुम्ही माझ्या आईचं चांगलं काम पुसलंत, आणि मी सांगितलं ते खरं. खालची रेघ कापरी निघाली, तर तुम्ही सावरत होतात, आणि मी एका भल्या माणसाला चारचौघांत चोर ठरवून गावाबाहेर घालवलं. इतकं सरळ होतं ते. तरी तीन आठवडे ती मूर्ती मी खाली उतरवली नाही. पुजलेली नसली तरी गणपतीच्या डोळ्यात सुई घालायची, हात धजेना. आणि खरं भय त्याचं नव्हतंच.

परवा सकाळी उन्हात बसले. कापसाचा ओला बोळा डाव्या डोळ्यावर धरून ठेवला, सरस फुगेपर्यंत. मग सुईने आधी तुमची काळी रेघ उचलली, त्या कोपऱ्यातल्या आकड्यासकट. कपची निघाली, खाली सफेदी. ती पापुद्र्यासारखी सुटली. आणि खाली आईचा डोळा. सूनबाईचा चष्मा लावून मी बघितला, मग माझा लावून बघितला. वरची पापणी सुरू होते तिथे रेघ ठीक आहे, मग दोन ठिकाणी तुटते, मग खाजणातल्या ओल्या चिखलावर खेकडा चालावा तशी वाकडी जाते, आणि बुबुळ खाली घसरलेलं. पापणी परत जोडायचा तिने प्रयत्न केलेला दिसतो, एकदा, दोनदा. मग सोडून दिलं.

मास्तर, तुमच्या एका वाक्याने तुम्ही सुटला असता. “बाईंचा हात कापतो,” एवढंच. शेठ लगेच समजले असते. पण मग आईची आखणी त्याच दिवशी गेली असती, सगळ्यांच्या देखत. तुम्ही म्हणालात “पुसले मी” आणि छत्री घेतलीत. आणि आई सरस ढवळत राहिली. तिच्यावर माझा संशय आता परवापासूनचा आहे. तिला ठाऊक होतं का? तिला ठाऊकच असणार, कारण तुमच्या हातात त्या दुपारी तिचाच कुंचला होता. बोरूच्या दांडीचा. कमरेचं नळकांडं ती कुणाला देत नव्हती, पोटच्या पोरीला देत नव्हती, ते तिने तुम्हाला दिलं होतं. मी ते तेव्हाच बघितलं होतं. सगळ्यात आधी तेच बघितलं होतं, डोळ्यांच्या आधी, आंधळ्या रांगेच्या आधी. शेठ आत आले तोवर तुम्ही तो दडवलेला होता, आणि शेठला सांगताना मीही तेवढं गाळलं. कुंचला सांगितला असता तर शेठने आईला विचारलं असतं, तो कसा काय त्यांच्याकडे? आणि माझी सगळी ओळ तिथेच मोडली असती.

आई तुमच्यासमोर मान वर करू शकली नाही, आणि तुम्ही तिला शेवटपर्यंत काय समजलात, ते मला कधी कळणार नाही. तिने तक्रार केली नव्हती. हे मी बाजारात सांगायला हवं होतं, तुम्ही नऊ पोरांना बाणाचं सांगत फिरत होतात तेव्हा. माझ्याकडे एकच माणूस होतं सांगायला, समोर उभं होतं, हातात शेंगांची पिशवी घेऊन, आणि मी सुकट निवडत होते.

तक्ता काढून ठेवलाय पत्राशेजारी. बाण खोडायला रबर घेतलं होतं, पण कागद इतका जुना झालाय की बाणाबरोबर दीर्घिकाही जायची. राहू दिला. हे पत्र त्याच्यामागे ठेवीन. तुमच्या घरचं कोणी आता रोह्यात आहे का, ते मी विचारू शकते, पोस्टमन शेजारचाच आहे. विचारलेलं नाही.

एक राहिलं. आधी काय नि नंतर काय हे लावायला बसले, तशी माझी स्वतःची ओळही लावून बघितली, आणि तिची सुरुवात मी लिहिली तिथे होत नाही. वर लिहिलंय, मी पाण्याचा तांब्या न्यायला आत आले. शेठलाही तेच सांगितलं होतं, नवऱ्यालाही. तांब्या पडवीतच होता मास्तर, भरलेला, आईच्या पानाशेजारी. त्या दिवशी जेवायला बसताना आईच्या कमरेला नळकांडं दिसलं नाही. मला वाटलं, ती आत विसरली. कुणी नाही तोवर तो कुंचला एकदा हातात धरून बघावा, म्हणून मी आत आले होते. आणि बघते तर तो तुमच्या हातात.